गोळीनंतरचा चहा

आमच्या घरात सकाळी पहिला प्रश्न एकच असतो: "गोळी घेतली का?" देवाला नमस्कार नंतर, नळाचं पाणी नंतर. माझ्या बायकोला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. तिने जन्मात कधी सुपारीचं खांडही तोंडात धरलं नाही, आणि बुऱ्हाणपुरातला आमचा अख्खा बुधवारा मोहल्ला मला विचारतो, "क्यों सर, भाभी तंबाखू खायच्या काय?" आधी मी समजावून सांगायचो. मग चिडायला लागलो. आता नुसतं "नाही" म्हणतो आणि सायकल पुढे काढतो. थकलो बुवा.

गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि मग तासभर पाण्याखेरीज काही नाही. ऐकायला सोपं आहे. पण माझ्या बायकोला डोळे उघडले की चहा लागतो. लग्न होऊन आली तेव्हापासून बघतोय, एक वेळ जेवण चुकेल, हा चहा चुकायचा नाही. आता ती ओट्याला टेकून उभी राहते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणते, "मेलं बंद पडलंय का हे?" बंद पडलेलं नसतं. तो तास तिला फार मोठा जातो.

इंदूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. मी शाळेत इतिहास शिकवतो, मला प्रथिन म्हटलं की डाळ आठवते. ते म्हणाले, पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, दारावरच्या घंटीसारखं. बाहेरून निरोप आला की ते आत कळवतं, वाढा. हिचं ते प्रथिन बिघडलंय. बटण दाबून अडकलंय. दारात कुणी नाही, तरी घंटी वाजतेच आहे आणि पेशी वाढतच आहेत. गोळीतल्या औषधाचा रेणू इतका लहान, की पेशीच्या आत शिरून त्या प्रथिनाच्या एका खाचेत जाऊन बसतो. घंटी बंद. पण तसलंच प्रथिन कातडीतही असतं, तिथेही गोळी आपलं काम करते. म्हणून तोंडावर पुरळ येईल, घाबरू नका, बऱ्याचदा ते चांगलंच लक्षण असतं.

"किती दिवस घ्यायची?" बायकोने विचारलं.

"चालेल तोवर. कधी ना कधी त्या खाचेचा आकार बदलतो, मग ही गोळी तिथे बसत नाही. तेव्हा दुसरं काही बघू."

दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू झाली, हळूहळू खोकलाही दबला.

त्यातच बोर्डाच्या परीक्षा लागल्या आणि माझी ड्युटी डोईफोडिया गावच्या केंद्रावर आली. उजाडायच्या आत निघायचं, संध्याकाळी धूळ खात परत. घरात दुसरं कोण? मग दापोऱ्याहून मोठ्या बहिणीला बोलावलं. तिला आम्ही जिजी म्हणतो. ती केळीच्या बागेतलं काम टाकून, पिशवीत घड घेऊन हजर झाली. गोळीचं तिला नीट समजावलं. तिनेही मान डोलावली.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी घरी आलो तर दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधलेले. आत बायको पांढऱ्या चादरीवर पडलेली, नाकावर, गालांवर, कपाळावर लाल-पिवळे फोड. ताटात वरण, पण त्याला फोडणी नाही.

जिजी हळू आवाजात म्हणाली, "चपला बाहेर काढ. माता निघाली हाय तिले."

"अगं जिजी, ही माता-बिता नाही. डॉक्टरने सांगितलं होतं. गोळीचं पुरळ आहे ते."

"बरं बाबा. तू मास्तर. तुले जास्त समजते."

माझी बहीण "बरं बाबा" म्हणाली की ती स्वतःचंच करणार, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या दिवशी पाय इतके दुखत होते की मी ते ऐकून घेतलं आणि बिनफोडणीचं वरण भाताबरोबर गिळलं. लिंब बांधला तर बांधला, त्याने काय बिघडतं, असं वाटलं.

बिघडत होतं ते दुसरीकडे. आमच्याकडे माता, म्हणजे देवी-कांजिण्या, निघाली की घरात फोडणी चालत नाही, तसंच औषधही चालत नाही. औषध दिलं तर माता कोपते. ते माणूस मग आजारी धरायचंच नाही. ते मागेल ते द्यायचं, त्याला दुखवायचं नाही, आणि माता आपणहून जाईल त्याची वाट बघायची. जिजीने हेच केलं. तिच्या सासरी सगळी लेकरं अशीच बरी झालेली.

आणि माता गेली की! फोड सुकले, चेहरा साफ झाला. शेजारच्या बायका बघून गेल्या, "भाभी तर एकदम छान दिसायला लागल्या!" मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. फक्त दबलेला खोकला पुन्हा सुरू झाला होता. मी तो उन्हाळ्याच्या धुळीवर ढकलला.

मग रविवार आला. उशिरा जाग आली. स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता. बायको पाटावर बसली होती, केस मोकळे, चूळही भरलेली दिसत नव्हती, आणि जिजी तिला बशीत चहा ओतून फुंकर घालून देत होती. माता गेली तरी जिजीचं पथ्य चालूच होतं, मातेला गरम चालत नाही ना!

"गोळी?" मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला सगळं कळलं. मग मी जो ओरडलो तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. "बाई आहेस का कोण आहेस? तिचा जीव त्या गोळीवर आहे!" वडीलधाऱ्या बहिणीला मी असं कधी बोललो नव्हतो. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजच सुरू करा आणि तपासणीला घेऊन या.

जिजीच्या हातातली बशी तशीच राहिली. "म्हंजे ती माता नव्हती?"

"नाही."

"मंग मी पोरीले मारत होती काय रे?"

तिला जवळ घ्यायला हवं होतं. माझ्यात तेवढा जोर उरला नव्हता.

दुपारी जिजी रडून रडून झोपली तेव्हा बायको माझ्याजवळ येऊन बसली. "त्यांना बोलू नका," ती म्हणाली. "मला माहीत होतं ती माता नाही. डॉक्टरसमोर मी पण बसले होते ना?"

"मग?"

"मग काय. कुणी गोळी घे म्हणत नव्हतं. उलट जिजी विचारायच्या, काय पाहिजे? मी म्हटलं, चहा." थोडी खोकली, मग म्हणाली, "तुम्ही सकाळी माझ्याकडे बघता ते गोळी गेली का एवढंच बघायला. मी थकले हो. नाही घ्यायची मला."

मी चिडणार होतो. रागच आला नाही, रडू आलं. आमच्याकडे नवरे बायकोला असलं काही बोलत नाहीत, पण मी बोललो. "तू नसलीस तर मला नाही जमायचं. गोळी माझ्यासाठी घे."

ती बोटातली अंगठी फिरवत म्हणाली, "घेईन. पण एक अट. तो तासभर मला एकटीला घड्याळाकडे बघायला लावायचं नाही. तुम्हीही थांबायचं, चहाबिगर."

तेव्हापासून मीही थांबतो. डोकं धरतं, चिडचिड होते, पण थांबतो. पुरळ परत आलं, खोकला हळूहळू बसला. ती आरशात बघून म्हणाली, "आली बाई परत." बायकोच्या तोंडावर फोड आले म्हणून आनंद झालेला नवरा बुऱ्हाणपुरात मी एकटाच असेन.

जिजी दापोऱ्याला गेली, पण रोज सकाळी फोन करते. "माता हाय ना तोंडावर?"

"आहे, जिजी."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. झाला तास? मंग मीबी ठेवते आता चहा."

परवा आम्ही असेच ओट्याला टेकून उभे होतो. पातेल्यात आधणाचं पाणी, गॅस बंद. बायको घड्याळाकडे बघत सहज म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते ना, एक दिवस गोळी बसणारच नाही म्हणून. त्या दिवशी मला उठल्या उठल्या चहा द्याल?"

मी हो म्हणालो. मग दोघं मिळून घड्याळाकडे बघत उभे राहिलो. पहिल्यांदाच मला वाटलं, हा तास संपू नये.