नवरदेव कोठे शे?
कपाट आवरताना व्हायोलिन कॉन्चेर्टोची, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने वाजणाऱ्या एकट्या व्हायोलिनची, जुनी कॅसेट सापडली आणि तिची सैल फीत पेन्सिलने गुंडाळताना मला कॉलेजच्या पहिल्या वर्षातली दिवाळीची सुट्टी आठवली. धुळ्याच्या वसतिगृहात माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे. एका सरांनी दिलेली ती कॅसेट हीच काय ती सोबत. आता परत जायचं नाही, असं ठरवूनच मी नरडाण्याजवळच्या आमच्या गावी आलो होतो, फक्त आबांना, म्हणजे वडिलांना, सांगायचा धीर होत नव्हता. दुपारी आबा ओसरीत कापसातला पालापाचोळा वेचत बसले होते, तिथे मी टेप लावला. सुरुवातीला नुसता वाद्यवृंदच वाजत राहिला, तसे ते म्हणाले, "बॅन्ड तं झकास शे, पन नवरदेव कोठे शे?" तेवढ्यात व्हायोलिन आलं. "हाऊ उना!" म्हणत ते हसले. पुढे सगळी वाद्यं थांबली, व्हायोलिन एकटंच वाजू लागलं आणि आबांचे हात थांबले. "बठ्ठा निंघी ग्यात. एकलाच राह्यना," ते म्हणाले; सगळे निघून गेले, हा एकटाच उरला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तू बी तठे असाच राहस का?" मी होकारार्थी मान हलवली. "मंग ह्या परत येतस का नही?" "येतस, आबा." वाद्यं खरोखरच परत आली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंग जाय तू." मी गेलो. आज आबा नाहीत. फीत नीट बसवून कॅसेट लावली, तेव्हा त्या एकट्या व्हायोलिनपाशी माझेही हात थांबले, आणि बाकीचे परत येईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.