अनुक्रमांक सहा : घास

मी वकील नाही. हे वाक्य मी माझ्या प्रत्येक पत्राच्या आरंभी लिहितो, कारण पुढचा मजकूर वाचून तसा समज होण्याचा संभव असतो. कॅल्गरीतल्या एका तेलकंपनीत मी तीस वर्षं कंत्राटांचे मसुदे तपासले आणि निवृत्तीनंतर तेच काम, कोणी न सांगता, पुढे चालू ठेवलं. महानगरपालिका, विमा कंपनी, वाचनालय, दवाखाना, ज्याला माझं पत्र गेलं नाही असं कार्यालय आमच्या भागात फारसं उरलं नसावं. रागीटपणा हा माझा स्वभावदोष आहे, असं घरचे म्हणतात. माझं म्हणणं इतकंच, की लोक नीट वाचत नाहीत, आणि नीट लिहीत तर मुळीच नाहीत.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. मे महिना होता. रस्त्याच्या कडेचा शेवटचा बर्फ नुकताच वितळला होता. आम्ही दोघं कॅल्गरीहून तीन तासांवरच्या एका लहान गावी निघालो होतो. तिथल्या गोधड्यांच्या दुकानात सकाळी अकरा वाजता वर्ग होता. शिकवणार होती माझी पत्नी. मी गाडी चालवत होतो आणि कागदपत्रं सांभाळत होतो.

पत्नी बार्शीकडची. आईच्या मांडीला मांडी लावून ती गोधडी शिकली आणि लग्नानंतर इथे आल्यावर सदतीस वर्षं आमच्या बेसमेंटमध्ये जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून शिवत राहिली. मुलगा शाळेत असताना म्हणायचा, "मॉम, माझे फ्रेंड्स येतायत. कॅन यू पुट दोज रॅग्ज अवे?" ती निमूटपणे उचलून ठेवायची. मग एका वर्षी शेजारणीने तिला बळेच कॅल्गरीतल्या एका हस्तकलेच्या प्रदर्शनात नेलं. तिथे तिच्या गोधडीचा काठ हातात धरून एक बाई दहा मिनिटं उभी राहिली. हीच त्या गोधड्यांच्या दुकानाची दुकानदारीण. महिन्याभराने तिचं पत्र आलं. दवाखान्याची पत्रं सोडली, तर या देशात पत्नीच्या एकटीच्या नावावर आलेलं ते पहिलं पत्र. त्यात तिला 'इन्स्ट्रक्टर' म्हटलं होतं. पत्नीने ते मला दोनदा वाचायला लावलं आणि त्यानंतर पंधरा दिवस ती फ्रिजसमोर उभी राहून इंग्रजी वाक्यांची तालीम करत होती.

विद्यार्थिनींना काय साहित्य लागेल याची यादी दुकानाने मागितली होती. यादी करणं हे माझं क्षेत्र. मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती भाजी परतत होती, डोक्यावर एक्झॉस्ट फॅन घोंगावत होता. सुई, दोरा, कात्री, जुनं सुती कापड, बोटाला टोपण असे पाच अनुक्रमांक झाले.

"आणि घास," ती म्हणाली. "चार कोपऱ्यांना चार."

मी मूळचा नागपूरचा. आमच्याकडे बोलण्यात हिंदीची सरमिसळ इतकी, की घास म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी गाय उभी राहते. तरीही मी गृहीत धरून लिहिलं नाही. चौकशी केली. ही चौकशी माझ्या बाजूने नोंदवली जावी.

"घास ओला की कोरडा?"

"कोरडाच हो! ओल्याला बुरशी नाही का येणार?"

"किती?"

"चिमूटभर."

चिमूट हे मोजमाप नव्हे. मी इंग्रजीत लिहिलं : अनुक्रमांक सहा. वाळलेलं गवत, दहा सेंटिमीटर लांबीचं, दोऱ्याने बांधलेल्या चार लहान जुड्या, प्रत्येकी. खाली नेहमीप्रमाणे कलम घातलं, की प्रशिक्षिकेच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही वस्तूऐवजी दुसरी वस्तू चालणार नाही. गोधडीच्या कोपऱ्यात गवत कशाला, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पण आमच्या आजोबांच्या गादीत काथ्या होता. ज्या विषयातलं आपल्याला कळत नाही, त्यात तज्ज्ञाच्या सूचनेबरहुकूम मसुदा करावा, ही माझी आयुष्यभराची पद्धत.

वेळेआधी पोचणं हीसुद्धा माझी पद्धत. साडेनऊलाच आम्ही दुकानाच्या दारात होतो. जुन्या पोस्ट ऑफिसची ती विटांची इमारत. गावाचं पोस्ट आता औषधांच्या दुकानातल्या एका खिडकीवर आलं होतं. त्याबद्दल मी संबंधितांना पूर्वीच लिहिलं होतं, उत्तर आलेलं नव्हतं. आत मात्र दुकान इतकं देखणं, की माझी अडचण झाली. टपालाचे पितळी खण तसेच ठेवले होते आणि प्रत्येक खणात पत्रांच्या जागी कापडाचे घडी घातलेले तुकडे, निळ्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांच्या ओळीने लावलेले. तिकिटांच्या काउंटरवर दोऱ्यांची रिळं. कुठून तरी दालचिनीचा वास येत होता. तक्रार करण्याजोगं काही सापडेना.

मग सापडलं. दाराजवळ एक आरामखुर्ची होती आणि तिच्यावर भरतकाम केलेली पाटी : 'नवऱ्यांसाठी'. वैवाहिक स्थितीवरून ग्राहकाला बसण्याची जागा नेमून देणं कायद्यात कसं बसतं, याचा मी उभ्यानेच विचार करू लागलो. पत्राचा पहिला परिच्छेद मनात तयारही झाला होता, तेवढ्यात दुकानदारीण मागच्या खोलीतून हात पुसत आली. साठीची, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. तिने पत्नीचे दोन्ही हात हातात घेतले.

"बारा जणी येतायत, डिअर! एकीला मी नाही म्हणाले, तर ती रडली. या, आधी किट्स बघा."

मागच्या खोलीत लांब टेबलावर बारा कागदी पिशव्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येक पिशवीत सुई, दोरा, कापड. आणि वर दिसतील अशा, वाळक्या गवताच्या चार जुड्या. बरोबर दहा सेंटिमीटर. दोऱ्याला निळ्या रिबिनीचं फूल.

"हे मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून केलं," ती म्हणाली. "आमच्या कुरणातलं टिमोथी गवत आहे. किडे नकोत म्हणून ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवलं. तीन दिवस घराला गोठ्याचा वास येतोय! सगळ्याजणी विचारतायत, गवत कशासाठी? मी म्हटलं, थांबा, टीचर सांगतील."

पत्नीने एक जुडी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली.

"अहो, हे काय? केरसुण्या आहेत का?"

"गवत आहे."

"ते दिसतंय. कशाला?"

"तू सांगितलंस. अनुक्रमांक सहा. चार कोपऱ्यांना चार घास."

तिने जुडी टेबलावर ठेवली. मग बाहेर गेली आणि त्या नवऱ्यांसाठीच्या खुर्चीत बसली. मी मागोमाग गेलो.

"घास, अहो," ती हळू आवाजात म्हणाली. "घास! तोंडात भरवतो तो. पोळीचा कोरडा तुकडा कोपऱ्यात ठेवून वरून शिवायचं, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही. आई करायची, आजी करायची. सदतीस वर्षं माझ्या गोधडीखाली झोपताय तुम्ही!"

"त्यात पोळी आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"झोपणाऱ्याला कोण सांगतं!"

दुकानदारीण दारात येऊन उभी होती. तिला भाषा कळत नव्हती, पण चेहरे कळत होते. "चुकीचं गवत आहे का? ब्रोम जातीचं हवं होतं? कलमात लिहिलं होतं म्हणून मी बदल केला नाही."

कंत्राटाच्या कायद्यात एक जुना नियम आहे : शब्द संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ मसुदा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा. हा नियम मी तीस वर्षांत असंख्य कंत्राटदारांना ऐकवला होता. तो उत्तम नियम आहे. त्याच्या समोरच्या बाजूला आपण कधी उभे राहू, असं मात्र वाटलं नव्हतं.

घड्याळात पावणेदहा झाले होते. पत्नीने पदर सारखा केला आणि ती मराठीत म्हणाली, "तिला काही सांगू नका. बिचारीने ओव्हनमध्ये वाळवलंय. सगळ्या आल्या की मीच म्हणेन, माय मिस्टेक, माय इंग्लिश नॉट गुड. लोक लगेच ऐकतात ते."

ऐकतात, हे खरं होतं. तिला डॉक्टरची वेळ चुकीची दिली गेली, तेव्हा दवाखान्याने तिच्या इंग्रजीला दोष दिला. मुलाच्या शाळेने नोटीस पाठवलीच नाही, तेव्हाही तिच्या इंग्रजीलाच. त्या प्रत्येकाला मी पत्र लिहिलं होतं आणि प्रत्येक पत्रात हेच विचारलं होतं, की चूक लिहिणाऱ्याची असताना ती वाचणारीच्या माथी का मारता? आता ती तेच ओझं माझ्यासाठी स्वतः उचलायला निघाली होती, तेही तिला ज्या दिवशी शिक्षिका म्हणून उभं राहायचं होतं त्याच दिवशी, बारा बायकांसमोर, पहिल्याच वाक्यात.

"नाही," मी म्हणालो. "वर्गापुढे मी बोलतो."

"नको! तुम्ही उभे राहिलात की दीड तास. कलम अमुक, पोटकलम तमुक. माझा वर्ग दोनच तासांचा आहे."

"लिहून आणतो. लिहिलं की लांबत नाही."

"तुमचं लिहिलेलंच तर निस्तरतोय आपण!"

मी दुकानदारिणीकडे कागद मागितला. तिच्याकडे होता तो सुईदोऱ्याशी खेळणाऱ्या मांजरांची चित्रं छापलेला. त्यावर मी आयुष्यातलं पहिलं शुद्धिपत्र लिहिलं. दुसऱ्यांकडून मी पुष्कळ शुद्धिपत्रं काढून घेतली होती. स्वतःच्या मजकुराचं कधी लिहिलं नव्हतं. पहिला मसुदा अडीच पानांचा झाला. त्यातली शब्दाची व्युत्पत्ती काढली, मग नागपूर काढलं, मग एक्झॉस्ट फॅन काढला. माझ्या बाजूचं सगळं काढून टाकल्यावर पाच ओळी उरल्या.

अकरा वाजता बारा बायका टेबलाभोवती बसल्या होत्या. बहुतेक शेतकरी घरांतल्या. गवत हुंगून त्याची प्रत सांगू शकणाऱ्या. मी उभा राहून वाचलं :

"साहित्याच्या यादीतील अनुक्रमांक सहा येथे 'गवत' याऐवजी 'पोळीचा कोरडा तुकडा' असे वाचावे. प्रशिक्षिकेने दिलेली सूचना स्पष्ट व अचूक होती. चूक यादी लिहिणाऱ्याची, म्हणजे खाली सही करणाऱ्याची आहे. प्रशिक्षिकेच्या इंग्रजीचा या चुकीशी संबंध नाही. दुकानाला झालेल्या श्रमांबद्दल मी दिलगीर आहे."

टेबलाच्या टोकाची एक दणकट बाई म्हणाली, "थँक गॉड. मला गवताची ॲलर्जी आहे." आणि सगळी खोली हसायला लागली. दुकानदारीण सर्वांत जास्त हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. ते पाणी कशाचं होतं, याबद्दल मी निष्कर्ष काढणार नाही.

"पण गोधडीला खायला का घालायचं?" दुसरीने विचारलं.

कुठलाही प्रश्न आला की सवयीने मी तोंड उघडतो. पत्नीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

"व्हेन गोधडी हंग्री," ती म्हणाली, "शी ईट युवर स्लीप. होल नाइट यू टर्न, टर्न. गिव्ह लिटल फूड, देन शी कीप यू वॉर्म. माय मदर सेड. हर मदर सेड."

बायकांनी माना डोलावल्या. एकीने ते शब्द वहीत उतरवून घेतले, जसेच्या तसे.

"आणि उंदीर?" दुकानदारिणीने विचारलं. प्रश्न रास्त होता. दुकान तिचं होतं.

"माऊस कम, ईट, गोधडी होल," पत्नी म्हणाली. "देन यू मेक न्यू वन. दॅट्स व्हाय आय टीच यू."

मग तिने माझ्याकडे हात केला. "अहो, डबा द्या."

डब्यात चार पोळ्या होत्या. बाहेरच्या जेवणाने माझं पोट बिघडतं म्हणून तिने सकाळी उठून माझ्यासाठी केलेल्या. बारा जणींचे चार-चार कोपरे, म्हणजे अठ्ठेचाळीस तुकडे. दुकानाच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या ओव्हनमध्ये, गवतासारख्याच, त्या पोळ्या कडक करायला गेल्या. मी हरकत घेतली नाही.

साडेबाराला मी गाडीत बसून बटाट्याची भाजी नुसतीच, चमच्याने खाल्ली. गाडी दुकानाच्या मागच्या खिडकीसमोर लावली होती. काच बंद असल्याने आवाज येत नव्हता. पत्नी टेबलाभोवती फिरत होती, एकेकीचा धावदोरा वाकून पाहत होती, बोटाने दाखवत होती. दुकानदारिणीने आपला शिवलेला कोपरा मोठ्या हौसेने वर धरला. पत्नीने तो जवळ घेतला, चष्मा नाकावर खाली ओढून पाहिला, मान हलवली आणि कात्रीच्या टोकाने सगळे टाके उसवून पुन्हा तिच्या हातात दिला. बाईने मुकाट्याने सुईत दोरा ओवला. थोड्या वेळाने तिने तो कोपरा पुन्हा वर धरला. पत्नीने तोही उसवला.