रोममध्ये बूट काढले तेव्हा

लढाईच्या दिवसांत सरकारनं आम्हाला फुकटात इटली दाखवली. मी वाशीमचा, पलटणीत कारकून. माझा दोस्त मंगरूळपीरचा, लॉरीवर ड्रायव्हर. रोम पाहायला एका दिवसाची सुट्टी मिळाली. मॅट्रिकला इतिहास घोकलेला असल्यामुळे ते शहर माझ्याच नावावर असल्यासारखा मी पुढे चालत होतो.

दोस्ताला इतिहासाचं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले, आधीचं मूल जन्मताच गेलेलं आणि चार महिने घरून पत्र नाही. मी पडक्या खांबांपुढे राजांच्या कारकिर्दी सांगत होतो, तेव्हा तो म्हणाला, "पडेल घरं पाहाले एवढ्या लांब आनलं काय बे? गावात कमी हायेत काय?" गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणालो. मग मोठ्यानंही म्हणालो.

दुपारी एका चर्चमध्ये डोकावलो. आत कुणा संताची कबर होती. बायाबापड्या जाळीला हात लावून काहीबाही पुटपुटत होत्या. दोस्ताचा चेहराच बदलला.

"हा तं दर्गाच हाय!" म्हणत तो पायरीवर बसून बूट सोडायला लागला. इथं बूट घालूनच जातात, हे मी सांगून पाहिलं.

"जाऊ दे त्याहिले. मले मन्नत मांगाची हाय. बूट घालून कोनी मांगते काय? काढ तुयेबी."

मी काढले. मॅट्रिकचा उपयोग अशा वेळी होत नाही.

तो जाळी धरून बराच वेळ उभा होता. बाहेर येऊन पाहतो तर पायरी स्वच्छ! लढाईनं गांजलेल्या त्या शहराला दोन जोड सरकारी बूट आयते मिळाले होते. मग मात्र आम्ही ती प्राचीन नगरी खरोखर पायांनी पाहिली, एकेका दगडासकट. पोरं मागं लागली. मी दोस्ताच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो आणि हा पठ्ठ्या खुशीत.

"बाबानं बूट ठेवून घेतले," तो म्हणाला. "म्हंजे अर्जी पोचली."

छावणीत साहेबानं आठवडाभर आम्हाला संडासाचे चर खोदायला लावले. मी रोज विचारायचो, "काय, आला काय बाबाचा जवाब?"

चर संपले आणि पत्र आलं. त्याच्या गल्लीतल्या शाळामास्तरांनी लिहिलेलं. दोस्ताला अक्षरओळख नव्हती, वाचणारा मीच. पोरगी झाली होती, मायलेकी खुशाल होत्या. त्यानं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, रडला आणि म्हणाला, "पाह्यलं? आयकलं बाबानं. तू हासून राह्यला होता."

पत्राच्या माथ्यावर तारीख होती. आमचे बूट गेले, त्याच्या आदल्या महिन्यातली. दोस्त जाळी धरून गयावया करत होता तेव्हा पोरगी पाळण्यात होती. टोमणा मारायची इतकी आयती संधी मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. जीभ नुसती वळवळत होती.

"दाखव बरं," म्हणत त्यानं कागदाकडे मान वाकवली. त्याला वाचता येत नव्हतं, तरी मी तारखेवर अंगठा ठेवला.

"आयकलं गड्या," मी म्हणालो.