दादाच्या फोल्डरातली लायब्ररी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवली आहे. कुणाला चकवा लागला की "किती घेतली होती?" हा माझा ठरलेला प्रश्न. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहितो.

२००७-०८ च्या आसपासची गोष्ट. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, किन्हवलीला घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचा. पावसाळ्यात तो काविळीने गेला. पाठोपाठ मुख्य कॉम्प्युटरची डिस्कही जळाली. नवी, कोरी डिस्क मीच बसवली. दुसऱ्या दिवशी पोरांची परीक्षा होती. ती झाली नाही तर क्लास बंद आणि वहिनी कायमची म्हशाला, माहेरी. तिचा भाऊ न्यायला येऊन पडवीत बसलाच होता.

परीक्षेचा प्रोग्राम दादानेच लिहिलेला. तो सीडीवर मिळाला, पण तो ज्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडवर, चालायचा ती काही मिळेना. फोनची लाइन बंद, म्हणजे नेटही नाही. त्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं; त्यात प्रोग्राम सुरू होताना अशी लायब्ररी मशीन स्वतःच शोधतं — आधी त्या कामाच्या फोल्डरात, नसेल तर वरच्या, मग सगळ्यांच्या सामायिक जागेत. दादा पोरांना सांगायचा, "लग्नाचा हंडा आपल्या घरात नाय, तर थोरल्या घरी बघायचा. तसंच हे."

एरर येणार हे धरूनच मी एंटर मारलं. प्रोग्राम सुरू झाला!

आनंद व्हायच्या आधी शंका आली. लायब्ररी कुठे सापडली, असं मशीनला विचारलं. उत्तर आलं — दादाच्या नावाच्या फोल्डरात. ते फोल्डर जळक्या डिस्कवर होतं, आणि ती डिस्क माझ्यासमोर टेबलावर पडली होती. तिला वायरसुद्धा जोडलेली नव्हती! नव्या डिस्कवर ते फोल्डर उघडायला गेलो, तर असं फोल्डरच नाही म्हणे.

भर दुपार होती, बाहेर भाताची झोडणी चालली होती, तरी मी खोलीतला दिवा लावला.

वहिनी मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"भावजी, याला समदं कुठं हाय ते कळतं ना?"

"हं..."

"मंग तुमचे दादा कुठं हायत, तेवढं इचारा."

"नको, वहिनी."

"इचारा ना वो."

मला नाही म्हणवेना. दादाचं नाव टाइप केलं. 'सापडलं नाही' असं क्षणात यायला हवं होतं. पण मशीन शोधत राहिलं... बराच वेळ. मग स्क्रीनवर एक टिंब आलं. फक्त टिंब.

"काय आलं?"

लिनक्समध्ये टिंब म्हणजे, आपण आत्ता आहोत तीच जागा. माझ्या तोंडून निघून गेलं, "हितंच."

मी अनवाणी अंगणात पळालो. भित्रा म्हणा, कबूल. मागून वहिनीचा आवाज आला, अगदी शांत. भावाला सांगत होती, "तू जा रं. मी नाय येत."

परीक्षा झाली. क्लास आजही चालू आहे. माझ्या कंपनीतले म्हणतात बग असेल, म्हणजे प्रोग्राममधली चूक. असेलही, पण कोणता, ते अजून कुणी दाखवलेलं नाही. किन्हवलीला गेलो की वहिनी म्हणते, "भावजी, आत या ना."

मी चहा ओट्यावरच घेतो.