माहूजच्या गच्चीवर वाळत घातलेला कोट

मांजर आडवं गेलं तर मी थांबत नाही, मांजराला बाजूला व्हायला सांगते. लहानपणी वाईला आमच्या गल्लीत एका बाईंच्या अंगात यायचं. "देवी आलीच आहे तर पेपर सोपा काढायला सांगा," असं मी त्यांना म्हणाले होते आणि त्याबद्दल आईचा भरपूर मार खाल्ला होता. तेव्हा या सदरातले अनुभव वाचून मी बहुतेक वेळा हसते, हे आधीच सांगून टाकते. माझं वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. पण पूर्ण वाचा.

गोष्ट बहरीनची, १९८०च्या पुढच्या काही वर्षांतली. माझे यजमान मनामात एका बँकेत अकाउंटंट होते आणि आम्ही माहूजमध्ये एका चार मजली बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो. डोक्यावर गच्ची, त्यामुळे उन्हाळ्यात घराची भट्टी. एसी फक्त बेडरूममध्ये. दुसरी खोली बिनएसीची, तिथे पाहुणे, बॅगा आणि सुट्टीला आला की माझा धाकटा भाऊ शिरीष, म्हणजे शिरी, मुक्कामाला असायचे.

शिरी सित्र्याला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. राहायला मआमीरजवळच्या कॅम्पमध्ये, रोज कंपनीच्या बसने जा-ये. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी बाकीची पोरं दुपारपर्यंत लोळायची आणि हा गडी पहाटे उठून सायकल काढायचा. सायकल तरी कसली... एका इंग्रज सुपरवायझरने त्याला मासिकात जाड टायरच्या, डोंगरावर चालवायच्या सायकलींचे फोटो दाखवले होते. शिरीने भंगारातल्या नळ्या वेल्डिंग करून तसलीच एक बनवली. तिच्यावरून जबल दुखानपर्यंत जायचा. बहरीनमधला तेवढाच काय तो डोंगर, आपल्याकडे त्याला टेकाड म्हटलं असतं. तिथून मग घामाघूम होऊन माझ्याकडे जेवायला. "दाजी, आपल्या पसरणी घाटाचं एक वळण इथे आणून ठेवलं तर हे लोक तिकीट लावतील," असं म्हणायचा.

त्याचं एकच वेड होतं. सुट्टीवर गेला की पुण्याचा मित्र अविनाश आणि तो, दोघांनी मनालीहून सायकलवर रोहतांग ओलांडून पलीकडे लाहौलमध्ये उतरायचं. नकाशा तोंडपाठ. बर्फ पडायच्या आत जायला हवं, म्हणून त्याने जुलैची रजा मागितली होती. फोरमन म्हणाला, बदली माणूस आला की सोडतो, इंशाल्ला. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, बोलणार कोणाला? शेवटी सप्टेंबर संपता संपता रजा मिळाली.

त्या इंग्रजाने देशी परतताना शिरीला आपला एक कोट दिला होता. वरून मेणकापडासारखा, आतून जाड लोकर, मागे टोपी जोडलेली, पुढे गळ्यापर्यंत चेन. चांगलाच वजनदार. तो घालून शिरी आमच्या बिनएसीच्या खोलीत मुद्दाम बसायचा आणि सवय करतोय म्हणायचा. ऐन उन्हाळ्यात. मी हसून हसून बेजार व्हायचे.

आता गल्फमधून देशी जाणं काय असतं ते गेलेल्यालाच कळेल. माणूस जाणार ही बातमी फुटली की लोक येतात. "छोटंसंच पाकीट आहे हो." दूध पावडर, अत्तर, टॉर्च, कोणाच्या तरी बायकोला नायलॉनची साडी. नाही म्हणायची सोय नसते, कारण उद्या आपलंही पाकीट कोणीतरी न्यायचं असतं. शिरीच्या वाट्याला समोरच्या फ्लॅटमधल्या सबनीसवहिनींचा डिनर सेट आला. मुलीचं लग्न पुण्याला, आणि सेट मनामाच्या बाजारातून आणलेला, सोनेरी काठाचा. सबनीस स्वतःच्या गाडीतून विमानतळावर सोडणार होते. म्हणजे बोलायलाच जागा नाही.

सुटी करून बांधलेल्या सायकलने बहुतेक वजन खाल्लं होतं. त्यावर डिनर सेटचं खोकं. म्हणून शिरीने आपली सगळ्यांची ती जुनी युक्ती केली. कोट अंगात घातला आणि सायकलचे पाने, सायकलची चेन, लोकांची पाकिटं, बॅटऱ्या, सगळं खिशांत कोंबलं. अंगातल्या कपड्याचं वजन करत नाहीत ना! काउंटरवर आपलाच एक माणूस होता. बाहेर अंगाची लाही होत असताना लोकरीचा कोट घालून आलेला प्रवासी त्याने काही पहिल्यांदा पाहिला नव्हता.

"भाईसाब, कोट उतारो. इसको भी काँटे पे रखो," तो म्हणाला.

काटा कुठल्या कुठे गेला. काहीतरी काढा, म्हणाला. मी खोक्याकडे पाहिलं. सबनीस माझ्या शेजारीच उभे होते, गाडीची किल्ली बोटात फिरवत. शिरीने खिसे रिकामे करून लोकांची पाकिटं बॅगेत कोंबली आणि कोट माझ्या हातात दिला.

"असू दे ताई. मनालीत भाड्याने मिळतो."

मी म्हटलं, सेट राहू दे, वहिनींना मी सांगते काय सांगायचं ते. तो हसला आणि हळूच म्हणाला, "दाजींना त्यांच्या शेजारी राहायचंय गं." आणि गेला. मुंबईला उतरून आधी पुण्याला खोकं पोचवलं, मग अविनाशबरोबर उत्तरेची गाडी पकडली. मनालीला पोचल्यावर त्याने बँकेत तार केली होती, सगळं ठीक, हवा छान. त्यानंतर काही नाही.

कोट मी त्या दुसऱ्या खोलीत दाराच्या मागे अडकवला होता. चेन उघडी, खिसे बाहेर लोंबत. हे मला पक्कं आठवतं, कारण खिसे आत घालायला हवेत असं रोज मनात यायचं आणि राहून जायचं.

तो शुक्रवार होता. यजमान घरी, पेपर वाचत. ऑक्टोबर लागला होता, तरी ऊन अजून मरणाचं. मी कणीक आणायला त्या खोलीत गेले. दार लोटलं तर पायाला गार लागलं. वाटलं, बेडरूमचं दार उघडं राहिलं असेल. मग दारामागे नजर गेली.

कोटाच्या खांद्यांवर पांढरं काहीतरी होतं. टोपीवरही. आधी मला वाटलं छताचा चुना पडला. झटकायला हात लावला आणि मागे घेतला. हाताला चटका बसावा इतकं गार. बोटांवर त्याचं पाणी झालं.

मी तोवर बर्फ पडताना कधी पाहिलेला नव्हता. मला ठाऊक होता तो फ्रीझरमध्ये साठतो तो. तसाच होता, पण भुसभुशीत. यजमानांना हाक मारली. ते आले, त्यांनी चष्मा पुसला, हात लावला आणि म्हणाले, "एसीचं पाणी गळत असेल." म्हटलं, अहो, या खोलीत एसी आहे का? त्यावर ते छताकडे बघत राहिले. छत कोरडं ठणठणीत. गच्चीखालचं छत ते, हात लावला तर भाजेल असं.

आणि कोटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. खिसे आत गेलेले. मी यजमानांना विचारलं, त्यांनी कोटाला हात लावला नव्हता. घरात तिसरं कोणी नव्हतं.

त्यांनी फडक्याने सगळं पुसून काढलं. "खलास," म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले खरी, पण कणीक तशीच राहिली. थोड्या वेळाने परत येऊन पाहिलं तर खांद्यांवर पुन्हा पांढरं. आता बाह्यांवरही. कोट ओला होऊन जड झाला होता आणि खाली फरशीवर थारोळं. मी म्हटलं, शिरीचं काहीतरी बरं नाही, फोन करा. ते म्हणाले, "कुठे करू? डोंगराला?" बरोबरच होतं त्यांचं. पण मला इतका राग आला की मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

मग मी काय करायचं? ओल्या कपड्याचं आपण काय करतो तेच केलं. कोट उचलला, गच्चीवर नेला आणि दोरीवर उन्हात घातला. चेन उघडली, बाह्या सरळ केल्या, अस्तर बाहेर काढलं. उन्हाने दोरीचे चिमटेसुद्धा तापले होते. तिथेच टाकीच्या सावलीत उभी राहिले. कोटातून वाफ निघायला लागली. बघता बघता वाळला आणि चांगला गरम झाला. मी त्याच्या बाहीत हात घातला. आतून उबदार, जसा कोणीतरी आत्ताच अंगातून काढलेला. तेव्हा मला फार बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं. वाटलं, पोराची थंडी गेली. खाली आले आणि पोळ्या केल्या. त्यानंतर कोट पुन्हा ओला झाला नाही.

दोन दिवसांनी पुण्याहून बँकेत फोन आला. यजमान भर दुपारी घरी आले आणि दारातच बसले, तेव्हा मला कळलं.

आमच्या घरी माणसं येऊन गेली. सबनीसवहिनीही आल्या, माझा हात धरून रडल्या. खोट्या नव्हत्या रडत. जाताना दारात घुटमळल्या आणि म्हणाल्या, "आत्ता विचारू नये, पण... सेट पोचला ना हो त्याच्याकडून?"

पोचला होता. एक कपही फुटला नव्हता.

आम्ही देशी गेलो तेव्हा अविनाश वाईला आला. त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली होती. तो ओसरीवर खाली बघत बोलत होता. मनालीत गरम कपड्यांच्या दुकानदारांनी सांगितलं, अजून सीझन लागला नाही, माल वर आलेला नाही, दिवाळीनंतर या. शिरीने दोन स्वेटर आणि रेनकोटवर भागवलं. शुक्रवारी सकाळी आकाश निळं होतं. वरून आलेला ट्रकवाला म्हणाला, रस्ता साफ आहे. अर्ध्या चढावर वारा सुटला, आधी भुरभुर आणि मग असा बर्फ की पुढचं चाक दिसेना. टायर चिखलात रुतायला लागले. सायकली टाकून दोघं रस्त्याच्या मजुरांच्या एका रिकाम्या दगडी खोपटात शिरले. छप्पर अर्धंच होतं.

शिरी कुडकुडत होता. दात इतके वाजत होते की बोलता येईना. पण मध्येच त्याने अंगावर काहीतरी ओढून घेतल्यासारखं केलं, गळ्यापर्यंत चेन लावावी तसे हात वर नेले आणि हात खिशात घालून बसावं तसा बसला. अविनाशला वाटलं, भ्रम होतोय. पण त्यानंतर शिरी बराच वेळ बरा होता, बोलत होता, त्यालाच धीर देत होता.

"आणि दुपार कलल्यावर एकदम म्हणाला, चेन कोणी काढली?" अविनाश सांगत होता. "मी म्हटलं, कसली चेन? तर म्हणाला, ऊन किती लागतंय. ताईने गच्चीवर घातला वाटतं."

मी विचारलं, काय घातला? अविनाशने मान हलवली. त्याला ठाऊक नव्हतं. त्या कोटाबद्दल शिरी त्याला कधी बोललाच नव्हता.

मग शिरीने रेनकोट काढला. दोन्ही स्वेटर काढले. अविनाश अडवत होता, पण त्याच्या हातात जोर उरला नव्हता. शिरी हसत होता म्हणे. उकडतंय, उकडतंय म्हणत बर्फात जाऊन बसला. ट्रक वर आला तेव्हा संपलं होतं.

पुण्यातल्या एका डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, अतिथंडीत शेवटी असं होतं, माणसाला गरम व्हायला लागतं आणि तो कपडे काढतो. पुस्तकात आहे. असेल. मी सायन्सच्या विरोधात कधीच नव्हते. पण माझ्या फरशीवर जे पाणी होतं ते कोणत्या पुस्तकात आहे? यजमानांनी ते स्वतःच्या हाताने पुसलं होतं. शेवटपर्यंत ते त्या विषयावर बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "मी खलास म्हणायला नको होतं."

लोक मला समजावतात, तू काय वाईट केलंस? मी वाईट केलं असं मी म्हणतच नाही. ओला कपडा उन्हातच घालतात, माझ्या आईने हेच शिकवलं. मला फक्त एवढंच कोणीतरी सांगावं की मी तो ओलाच दारामागे राहू दिला असता, तर ट्रक येईपर्यंत तो शिरीच्या अंगावर राहिला असता का? आजवर कोणी सांगू शकलेलं नाही.

कोट माझ्याकडे आहे, इथे पुण्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. पावसाळा संपला की आमच्या सोसायटीत सगळ्या बायका गोधड्या आणि स्वेटर काढून गच्चीवर ऊन दाखवतात. सून दरवर्षी विचारते, आई, तो कोटही उन्हात घालू का, कुबट वास येतोय त्याला. येऊ दे म्हणते. बुरशी धरली तरी चालेल. चेन गळ्यापर्यंत लावून ठेवलेली आहे आणि तिला कोणी हात लावायचा नाही.