पासपोर्टच्या मापाचा चिखल्या

माझा मामा पासपोर्ट फोटो काढायचा. चाळीस वर्षं एकच पांढरा पडदा, एकच गोल स्टूल आणि एकच वाक्य: "हनुवटी जरा खाली, हसू नका." स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही तो हसलेला नाही. फोटो कापायचं काम माझं. कात्री भाचीची, तोंड मामाचं, असा आमचा कारभार.

सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी तो मला घेऊन पहाटेच पक्ष्यांसाठी राखलेल्या किनाऱ्यावर जाई. ओहोटीला तिथे दूरवर चिखल उघडा पडतो आणि लांब पायांचे पक्षी त्यात चोची खुपसत फिरतात. धुक्यात पाणी कुठे संपलं आणि आकाश कुठे सुरू झालं, कळत नाही. लाकडी आडोशाच्या फटीतून मामा लेन्स बाहेर काढी आणि, जित्याची खोड, पुटपुटे, "हलू नका." शेजारचे पक्षीवेडे वैतागत. पक्षी मात्र त्याचं ऐकत असावेत, असं मला तिथे खरंच वाटायचं.

त्या पक्ष्यांतला एक चिखल्या मामाच्या खास मर्जीतला. मुठीएवढा जीव, पायात केशरी कडं, कड्यावर बेचाळीस आकडा. दूरच्या कुणा अभ्यासकाने ते घातलेलं. दर हिवाळ्यात हजारो मैल उडून तो नेमका याच चिखलात उतरायचा. "एवढ्या सरहद्दी ओलांडतो, मग त्याला फोटो नको?" असं म्हणत मामा त्याचा पासपोर्टच्या मापाचा फोटो करी, आठ प्रती, पांढरी कड सोडून. फक्त त्याच्यापुरता नियम मोडून पायांसकट, कारण कड्याशिवाय ओळख कशी पटणार? एक प्रत दुकानाच्या काचेत लागे. अशा अकरा लागल्या होत्या.

पुढे मोबाइलने गिऱ्हाईक पळवलं आणि मामाच्या नजरेचा मधला भाग गेला. ज्याच्याकडे बघावं तेच धूसर, कडेचं तेवढं दिसे. मामी म्हणाली, आता पुरे करा. त्यावर तो म्हणाला, ज्या हिवाळ्यात चिखल्या येणार नाही, त्या हिवाळ्यात शटर कायमचं खाली. मामी निश्चिंत झाली. मला मात्र पुढचं दिसत होतं. दुकान गेलं की हा माणूस खुर्चीत बसून भिंत बघत राहणार, आणि तीही धूसर.

त्या हिवाळ्यात आठ सोमवार कोरडे गेले. पक्षी परत निघायला लागले होते. नवव्या सोमवारी धुकं इतकं दाट होतं की आमचा श्वास त्यातच मिसळत होता. आणि आडोशासमोर, दहा पावलांवर, एक चिखल्या येऊन उभा राहिला. मी आधी त्याचे पाय बघितले. दोन्ही मोकळे.

"आला का गं?" मामाने विचारलं.

"आला."

"कडं?"

"आहे. बेचाळीस."

खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, याची मला अजून लाज वाटते. मी लेन्स फिरवून चित्र स्पष्ट केलं. मामाने डोळा लावला, "हलू नका" म्हणाला आणि बटण दाबलं. घरी परतताना तो गाडीत गुणगुणत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो संगणकासमोर बसला. फोटो पडदाभर मोठा केला, मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कडेने बघत राहिला. बराच वेळ. माझ्या हातातली कात्री थांबली होती. मग त्याने नुसता माऊस हलवला, छपाई लावली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

आठ चिखल्ये, आठही फक्त छातीपर्यंत.

"मामा, पाय राहिले," मी कसंबसं म्हटलं.

"पासपोर्टच्या फोटोत पाय कोण बघतं?" तो म्हणाला. "काप नीट."

मी कापले. डोळे भरून आल्यामुळे एक प्रत वाकडी गेली, तीच त्याने बारावी म्हणून काचेत लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हनुवटी जरा खाली," आणि शटर वर करायला गेला.