मधल्या खोलीच्या दिव्याचं बटण

माझा धाकटा मामा वायरमन. गल्लीत अशी भिंत नव्हती, जिच्यावर त्याची छिन्नी चालली नव्हती. आणि सगळ्यात वाईट वायरिंग कुणाच्या घरात? तर त्याच्याच.

त्याला कारण होतं. आजोबांनी बांधलेल्या घराची दोन्ही मामांनी भांडून वाटणी केली. भांडण कशावरून झालं हे पुढे दोघंही विसरले. फक्त विसरलो असं कबूल करायला कुणी तयार नव्हतं. मधल्या खोलीत आडवी भिंत उठली. दिवा धाकट्याकडे आला आणि त्याचं बटण थोरल्याकडे राहिलं.

वायरमनला हे अर्ध्या तासाचं काम. पण मामा म्हणायचा, "भिंत त्याच्या हट्टानं झाली. बटण मी का हलवू?"

थोरला मामा शिंपी. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे अबोला त्याला जड गेला नाही. अंधार पडला की तो न चुकता बटण दाबायचा. धाकट्याला झोप आली की तो भिंतीवर पक्कड आपटायचा, मग पलीकडून दिवा बंद. धाकटी मामी म्हणायची, "माझ्याशी तरी एवढं कुठे बोलतात!"

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि घर पाडायची नोटीस आली. थोरला परगावी मुलीकडे निघाला. धाकट्यानं भाड्याची खोली बघितली. जाण्याआधी दादाशी बोलायचंच, असं त्यानं मला बजावून सांगितलं. रोज तयारीनं जायचा आणि दारावरची घंटा तपासून परत यायचा.

टेम्पो भरला. शिलाई मशीन चादरीत गुंडाळून वर चढलं. मामा भिंतीतून काढलेल्या तारांचं भेंडोळं घेऊन उभा. मी त्याला कोपरानं ढोसलं, "मामा, बोल की!"

टेम्पो हलला तसा तो ओरडला, "दादा, तिकडे अर्थिंग आहे का बघून घे!"

थोरल्यानं मान बाहेर काढली. "इथं तरी कुठे होतं?"

दुपारी बुलडोझर आला. मधली भिंत पहिल्याच धक्क्याला बसली. मामाचं तिकडे लक्षच नव्हतं. भेटेल त्याला सांगत होता, "बोलला हो! टोमणा मारला, पण मलाच मारला!"

तेव्हापासून दादाकडचं वायरिंग बघायला जायचं, असं रोज चाललंय. पत्ता मी देतो म्हटलं तर घेत नाही. "त्यानं द्यायला हवा."

परवा मामेबहिणीचा फोन आला. थोरल्या मामानं अंथरूण धरलंय. मी धावत जाऊन सांगितलं. मामा ताडकन उठला, चपला घातल्या आणि उंबऱ्यात थबकला.

"त्यानं बोलावलंय का?"

"अरे, त्याला धड बोलता येत नाही आता!"

"मग मी आलेला त्याला चालेल, हे कुणी सांगायचं?"

स्टँडवर जायला मी रिक्षा थांबवून ठेवली होती. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मामा खाली वाकून चपलेचा पट्टा आवळत राहिला, आधीच घट्ट असलेला.